सरकार काय करणार नाही, ते आधी सांगा

मागच्या एका इलेक्शनला आमच्या गावात, म्हणजे कर्नाटकातल्या निपाणीपासून सात-आठ किलोमीटरवर, एक उमेदवार आले होते. नाव आणि पक्ष लिहीत नाही, कारण विषय त्यांच्या एकट्याचा नाहीच. मारुतीच्या देवळापुढं कट्ट्यावर खुर्च्या मांडलेल्या, शे-दीडशे माणसं, त्यांनी पिशवीतनं संविधानाचं छोटं पुस्तक काढून वर धरलं आणि म्हणाले मी ह्याचं रक्षण करणार. टाळ्या पडल्या, मी पण वाजवल्या. मग पुढं रस्ता, पाणी, समुदाय भवन, उसाचं बिल, तंबाखूला दर, सगळं देणार देणार देणार. शेवटी म्हणाले कुणाला काय विचारायचं असेल तर विचारा, तेव्हा मी उठलो आणि म्हटलं, साहेब, निवडून आल्यावर काय करणार ते समजलं, आता काय करणार नाही ते पण सांगा की.

त्यांना वाटलं मी भ्रष्टाचाराचं विचारतोय, म्हणाले पैसे खाणार नाही. म्हटलं तसं नव्हं साहेब, तुमच्या हातात जे पुस्तक आहे त्यात सरकारला काय काय करता येत नाही ते लिहिलंय, त्यातलं एक सांगा, जे तुमच्याच पक्षाचं सरकार करायला लागलं तरी तुम्ही उभं राहून नाही म्हणाल. ते थोडा वेळ थांबले आणि सरळ म्हणाले, हे मला आजवर कुणी विचारलं नाही, मी विचार करून सांगतो. मला तो माणूस त्या उत्तरामुळं आवडला. पण घरी येऊन झोप लागली नाही, कारण आपण पण कधी विचारत नाही, आपल्याला संविधान म्हणजे आपले हक्क आणि सरकारच्या योजना एवढंच माहीत असतं, त्यातला अर्धा भाग सरकारला आवरायसाठी आहे हे आपल्या सभांमध्ये बोललंच जात नाही.

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला तो आण्णांमुळं, म्हणजे माझ्या वडिलांमुळं, आणि आण्णांच्या डोक्यात आला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींमुळं.

१९८१ साली निपाणीत तंबाखूवाल्यांचं आंदोलन झालं ते इकडच्या प्रत्येक घरात माहीत आहे. शेतकरी वर्षभर राबून माल वखारीत नेऊन टाकायचा आणि दर व्यापारी ठरवणार, पैसे कधी देणार ते पण व्यापारीच ठरवणार. शरद जोशी आले, शेतकरी संघटना आली, लाल बिल्ले आले आणि १४ मार्चपासून पुणे-बेंगलोर हायवेवर लोक बैलगाड्या घेऊन बसले. आण्णा तेव्हा बाविशीतले. आई सांगते की रोज एका घरातनं भाकऱ्यांचं गठुळं जायचं, कुणाचं पिठलं कुणाचा खर्डा, आणि तीन आठवड्यांच्या वर लोक रस्त्यावर बसून होते, बायका पोरं सुद्धा. ६ एप्रिलला पोलिसांनी लाठीमार केला, गोळीबार झाला आणि १२ शेतकरी गेले. आण्णांच्या शेजारी बसलेला एक जण त्यात होता, त्याचं नाव ते आजही घेत नाहीत, नुसतं 'तो' म्हणतात.

आता बघा, संविधानाच्या १९ व्या कलमात शांततेनं आणि हत्याराशिवाय एकत्र जमायचा हक्क आहे, त्यावर सरकार वाजवी बंधन घालू शकतं हे पण तिथंच लिहिलंय. हायवे अडवणं कायद्यात बसतं असं मी म्हणत नाही, तेवीस दिवस रस्ता बंद म्हणजे किती लोकांचे हाल झाले असतील ते मला कळतं. पण रस्ता मोकळा करणं आणि माणसं मारणं ह्यात जे अंतर आहे ते मोजायसाठीच तर 'वाजवी' हा शब्द घातलाय ना. तो शब्द नसता तर सरकार म्हणेल ते बंधन.

आण्णांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण त्या वर्षानंतर ते शरद जोशी जे लिहितील ते वाचत गेले. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा तर आमच्या गोठ्याच्या भिंतीवर कित्येक वर्षं चुन्यानं लिहिलेली होती. जोशींचं म्हणणं थोडक्यात असं की शेतकरी गरीब आहे तो नशिबानं नाही, सरकारच्या धोरणानं आहे, सरकार त्याच्या मालाचा भाव पाडतं आणि मग त्याच सरकारकडनं सबसिडीची आशा लावतं, त्यामुळं सरकारकडं जास्त मागण्यापेक्षा सरकारचा हात आपल्या मानेवरनं काढायला सांगा. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, पुढं २००४ ते २०१० राज्यसभेत होते. सगळे पुढारी आम्ही सरकारात येऊन अमुक करू म्हणत असताना हा एक माणूस उभा राहून म्हणायचा की सरकारनं अमुक अमुक करूच नये आणि तसं करता येणार नाही अशी व्यवस्था पाहिजे. लोकांनी मतं दिली नाहीत फारशी. माझ्या मते त्याचं कारण हेच, आपल्याला देणारा पुढारी समजतो, आवरणारा समजत नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा राग होता नवव्या परिशिष्टावर. हे काय आहे ते मला पण कॉलेज संपेपर्यंत माहीत नव्हतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

संविधानाचं १३ वं कलम म्हणतं की मूलभूत हक्क मोडणारा कायदा सरकारनं करायचा नाही, केला तर तेवढा तो रद्द. २६ जानेवारी १९५० ला हे लागू झालं आणि जमीनदारी मोडायचे कायदे कोर्टात अडकायला लागले, कारण तेव्हा मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. मग १९५१ च्या जून महिन्यात, म्हणजे देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आधीच, हंगामी संसदेनं पहिली घटनादुरुस्ती केली, ३१ बी कलम घातलं आणि मागं एक यादी जोडली, ते नववं परिशिष्ट. ह्या यादीत जो कायदा टाकला तो मूलभूत हक्क मोडतो म्हणून रद्द होणार नाही. सुरुवातीला १३ कायदे होते, सगळे जमिनीचे. आज ती यादी २८४ वर गेली आहे.

आता माझी अडचण सांगतो. आमचा आज्जा कूळ होता. जमीन दुसऱ्याची, राबणार आज्जा, निम्मं पीक मालकाच्या खळ्यावर. आमचा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, मुंबईचा १९४८ चा कुळकायदा त्या पहिल्या १३ मध्येच आहे. मग आम्ही म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, त्यांचा जमीन सुधारणा कायदा १९६१ चा, तो १९६४ मध्ये नवव्या परिशिष्टात गेला. १९७४ पासून तो कडक झाला, कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरायचा, ट्रिब्युनलपुढं सुनावणी, आणि आज्जाच्या नावावर साडेतीन एकर लागली. उताऱ्यावर नाव आलं त्या दिवशी आज्जानं गावात गूळ वाटला. मी शिकलो ते त्या साडेतीन एकरांवर. म्हणजे जोशीसाहेब ज्या यादीला संविधानातला सगळ्यात मोठा घाव मानायचे ती यादी नसती तर कदाचित मी हे लिहायला शिकलोच नसतो.

मी कॉलेजात असताना ह्यावरनं आण्णांशी भांडलो होतो. म्हटलं तुमच्या जोशींना काय जातंय बोलायला, आपल्याला जमीन त्या यादीमुळं मिळाली. आण्णा जेवत होते, ताट बाजूला सारून म्हणाले, जमीन मिळाली ते बरोबर, पण त्या यादीत पुढं काय काय गेलं ते बघून ये. मी लायब्ररीत बसून बघितलं. आणीबाणीत त्याच यादीत मिसा घातलेला, ज्यानं हजारो लोकांना चौकशीशिवाय आत टाकलं तो कायदा, कुळांसाठी केलेल्या कुंपणात नेऊन ठेवला, पुढं ४४ व्या दुरुस्तीनं तो काढला. आणि १९७६ मध्ये आवश्यक वस्तू कायदा घातला, ज्याच्या जोरावर सरकार कांद्यावर, डाळीवर, साखरेवर वाटेल तेव्हा साठ्याची मर्यादा लावतं आणि दर पडतात. आज्जाला जमीन देणाऱ्या फळीवरच आण्णांच्या मालाचा भाव पाडायचं हत्यार ठेवलेलं. मी घरी येऊन आण्णांना सांगितलं तुमचं बरोबर, पण निम्मं. ते हसले, म्हणाले निम्मं तर निम्मं.

माझं अजून तेच मत आहे, निम्मं. कुळाला जमीन मिळायलाच पाहिजे होती, आणि तो कायदा कोर्टात उघडपणे लढून टिकवता आला असता, मोबदला नीट देऊन, वाद घालून, वेळ लागला असता पण टिकला असता. लपवायला कोनाडा केला की त्यात उद्या कोण काय ठेवेल ते आपल्या हातात राहत नाही. जोशींशी माझं जिथं जमत नाही ते हे की त्यांना मालमत्तेचा हक्क गेल्याचं दुःख जास्त आणि ज्याच्याकडं मालमत्ताच नव्हती त्याचं बोलणं कमी. आण्णांना तर त्यांचं डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार खुला करायच्या कराराच्या मसुद्याला, पाठिंबा देणं पण पचलं नव्हतं, ज्या माणसाबरोबर आपण दरासाठी रस्त्यावर बसलो तो आता खुल्या बाजाराचं म्हणतोय. नंतर त्यांना वाटायला लागलं की दोन्हीत एकच गोष्ट आहे. मला अजून तसं पूर्ण वाटत नाही.

आणि हे कोनाड्याचं प्रकरण जिथं थोडंफार सुटलं ते पण सीमाभागामुळंच, आपला नाही, कासरगोडचा. तिथं कन्नड बोलणारे लोक १९५६ मध्ये केरळात गेले, आपण जसे इकडं आलो तसे. तिथल्या एडनीर मठाच्या केशवानंद भारती स्वामींनी मठाच्या जमिनीसाठी केस केली, १३ न्यायाधीश, ६८ दिवस सुनावणी, २४ एप्रिल १९७३ ला ७ विरुद्ध ६ असा निकाल, संसद संविधान दुरुस्त करू शकते पण त्याची मूळ चौकट मोडू शकत नाही. एका मतानं! आणि २००७ मध्ये कोएलो खटल्यात नऊ न्यायाधीशांनी सांगितलं की त्या २४ एप्रिलनंतर नवव्या परिशिष्टात टाकलेला कायदा पण ह्या चौकटीवर तपासता येईल. म्हणजे कोनाड्याला दार बसलं.

इकडं बोम्मईंचं पण नाव घ्यायला पाहिजे. एस. आर. बोम्मई आपल्या शेजारच्या हुबळीचे, १९८९ मध्ये मुख्यमंत्री असताना सभागृहात बहुमत सिद्ध करतो म्हणत होते, राज्यपालांनी संधीच दिली नाही आणि केंद्रानं सरकार बरखास्त केलं. १९९४ च्या निकालात कोर्टानं सांगितलं बहुमत राजभवनात मोजायचं नाही, सभागृहात मोजायचं. आज देशात कुठल्याही राज्यात फ्लोअर टेस्ट म्हटलं की हाच निकाल निघतो. कर्नाटकातल्या प्रत्येक पुढाऱ्याला हा पाठ असतो, दिल्लीनं राज्यावर हात टाकायचा नाही.

पण तेच राज्य बेळगाव महापालिकेशी कसं वागलं? २००५ मध्ये पालिकेनं महाराष्ट्रात जायचा ठराव केला आणि पालिका बरखास्त झाली. ठराव बरोबर की चूक हा वाद वेगळा, पालिकेला राज्याची हद्द बदलायचा अधिकार नाही हे मी पण मानतो, त्या ठरावानं एक इंच जमीन इकडची तिकडं होणार नव्हती. पण लोकांनी निवडून दिलेली संस्था ठरावासाठी जाते म्हणजे काय? ७४ व्या दुरुस्तीनं २४३ यू कलम आलंय, नगरपालिका बरखास्त करायच्या आधी तिचं म्हणणं ऐकायला पाहिजे आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यायला पाहिजे. दिल्लीपासून राज्याला वाचवणारा निकाल जितका पवित्र तितकंच राज्यापासून गावाला वाचवणारं हे कलम पवित्र, पण दुसऱ्याबद्दल बोलणारा उमेदवार मला तरी इकडं भेटला नाही, मराठी नाही आणि कन्नड पण नाही.

सीमेचं तर काय सांगायचं. तिसऱ्या कलमात संसदेला राज्यांच्या हद्दी बदलायचा अधिकार आहे, साध्या बहुमतानं. राज्याच्या विधानसभेचं मत फक्त मागवायचं, ते ऐकायलाच पाहिजे असं नाही, १९५६ च्या वेळचा मुंबई राज्याचाच बाबूलाल पराते खटला आहे त्यावर. आणि गावाचं मत? गावाला विचारायचं कलमच नाही. मला वाटतं आपल्या सत्तर वर्षांच्या भांडणाचं मूळ इथं आहे, इथं अधिकाराला आवर घालायचा राहून गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला आज्जा झोपेतनं उठला तो दुसऱ्या राज्यात. महाजन आयोगानं १९६७ मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्या म्हणून सांगितलं, बेळगाव नको म्हणून सांगितलं, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाल लागेल तेव्हा लागेल.

तोवर जगायचं कसं ह्याचं उत्तर पण १९५६ मध्येच आहे, आणि हे फार लोकांना माहीत नाही. ज्या राज्य पुनर्रचनेत आपण म्हैसूर राज्यात गेलो तिच्याबरोबर झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५० ए आणि ३५० बी ही कलमं आली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळेल अशी सोय करायची जबाबदारी राज्यावर, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमलेला अधिकारी. त्याच वेळच्या केंद्राच्या मेमोरँडममध्ये आहे की जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथं महत्त्वाच्या सरकारी नोटिसा त्यांच्या भाषेत पण द्यायच्या. कन्नडशी माझं भांडण नाही, माझ्या मुलीला माझ्यापेक्षा चांगली कन्नड येते, शेजारी लिंगायत कुटुंब आहे, आमची चटणी त्यांच्या घरी आणि त्यांची शेंगापोळी आमच्या घरी. भांडण सक्तीशी आहे. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी कर्नाटकाच्याच केसमध्ये सांगितलं की मूल कुठल्या माध्यमात शिकणार ते पालक ठरवणार, प्राथमिक शाळेत पण सरकार लादू शकत नाही. हा निकाल इंग्रजी शाळावाल्यांनी आणला आणि त्यामुळं मराठी शाळांची पटसंख्या वाढली नाही, उलट लोक इंग्रजीकडं गेले, मला त्याचं वाईट वाटतं. तरी निकाल बरोबर आहे असंच मी म्हणणार, कारण उद्या तिकडं महाराष्ट्रात जतच्या कन्नड पोरावर कुणी सक्ती केली तर त्याला पण हाच निकाल उपयोगी पडला पाहिजे. आपल्यापैकी कुणाकुणाला हे आवडणार नाही, माहीत आहे.

आता माझ्या घरचं. हायवेच्या सहापदरीकरणात तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, रस्त्याकडेची जमीन गेली. आज्जानं सात नंबरच्या फॉर्मवर मिळवलेल्यातलीच. हरकत घ्यायला कायद्यात २१ दिवस असतात. नोटीस आली ती पूर्ण कन्नडमध्ये, तात्यांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांनी ती देवघरात ठेवली आणि मी सुट्टीला येईपर्यंत दिवस संपले होते. ऑफिसात विचारलं तर म्हणाले नोटीस तर दिली की. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनं गेला, आता ३०० ए उरलंय, कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येत नाही एवढंच. तात्यांना ते म्हणजे काय ते समजावून सांगताना मला जोशींची आठवण झाली, त्यांना जे दुःख होतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण कळलं. रस्त्याला माझा विरोध नाही, त्या रस्त्यावरनंच आम्ही कोल्हापूरला दवाखान्यात जातो. पण वाचता न येणारा कागद देऊन २१ दिवस मोजणं ह्याला ऐकून घेणं म्हणत नाहीत. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तरसेम सिंग खटल्यात सांगितलंय की हायवेसाठी जमीन गेली तरी शेतकऱ्याला सोलेशियम, म्हणजे जमीन सक्तीनं घेतल्याबद्दलची जादा रक्कम, आणि व्याज मिळालंच पाहिजे, दुसऱ्या कायद्याखाली घेतली तर द्यायचं आणि हायवेसाठी घेतली तर नाही असा फरक करता येत नाही. तात्यांच्या नुकसानभरपाईचं लवादापुढं चाललंय, त्यात आम्ही हे लावलंय.

ते उमेदवार निवडून आले की नाही ते लिहीत नाही, नाहीतर कोण ते कळेल. पण त्यांनी नंतर फोन केला होता, खरंच. म्हणाले तुमच्या प्रश्नावर विचार केला, मी एक सांगू शकतो, कुठल्याही स्थानिक संस्थेचं म्हणणं ऐकल्याशिवाय ती बरखास्त करायला मी पाठिंबा देणार नाही, आमच्या पक्षानं केली तरी. मी म्हटलं हे सभेत बोलाल का? म्हणाले बघतो. अजून बोललेले नाहीत, बोलले तर मी इथं लिहीन.

तात्यांची पुढच्या तारखेची नोटीस गेल्या आठवड्यात आली, परत कन्नडमध्येच. ह्या वेळी मी स्वतः मराठीत अर्ज लिहिला, मराठी प्रत द्या म्हणून, आणि वर ३५० वं कलम घातलं, ज्यात कुठल्याही सरकारी अधिकाऱ्याकडं तक्रार राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येते असं आहे. हे कलम लक्षात ठेवा, इकडं सगळ्यांना उपयोगी आहे. काउंटरवरच्या क्लार्कनं आधी कन्नडमध्ये लिहून आणा म्हटलं, मी कलमाची झेरॉक्स दाखवली, त्यानं ती दोनदा वाचली, आत जाऊन साहेबांना विचारून आला, आणि शिक्का मारून इनवर्ड नंबर दिला. उत्तर यायचंय.